घरावरून जाताना

नेर
५ ऑक्टोबर २०२५

इमरान,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्र ब्लॉक करता येत नाही. फाडता येतं, पण फाडण्याआधी माणूस एकदा तरी वाचतो. गोव्याच्या किनाऱ्यावर तू ज्यांच्याकडे पर्यटकांना पॅरामोटरवर आकाशात फिरवतोस, त्यांचा पत्ता मी शोधून काढला. आणि हो, मराठीतच लिहिते आहे. आपण दोघं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो, मनापासून भांडायला आपल्याला हीच भाषा येते.

अब्बा गेले, हे तुला कळलं. कसे गेले, हे तू विचारलं नाहीस, म्हणून सांगते. पॅरामोटर उडवताना नाही. अर्ध्या नेरला तसंच वाटतंय, आणि काहींना तसंच वाटून घ्यायचं आहे. दुपारी जोहरची नमाज पढून ते दुकानात आले, पूनमसिंग काकांचा फवारणी पंप उघडून बसले. काकांना म्हणाले, "जरा पाणी देता का?" काका माठाकडे वळले. परत फिरले तेव्हा अब्बा भिंतीला टेकले होते, पंपाची झाकणी मांडीवर होती. काका अजून तो पंप घरी नेत नाहीत.

संध्याकाळी, मगरिबच्या आधी माती झाली. आपल्यात थांबवत नाहीत, तुला माहीत आहे. मी जनाज्यामागे नाल्यापलीकडे, कब्रस्तानच्या फाटकापर्यंत गेले. पुढे बायका जात नाहीत. मारेगावपासून बाभुळगावपर्यंत माईक हातात घेऊन जी विचारते की हे दार बाईला बंद का, ती मी, त्या फाटकाशी मुकाट उभी राहिले. भांडले असते. पण भांडण संपेपर्यंत अब्बांना पावसात ठेवावं लागलं असतं. त्यांना ते आवडलं नसतं.

आणि आता अम्मी इद्दतीत बसली आहे. चार महिने दहा दिवस घराबाहेर पाऊल नाही. मी काय काय बोलले असेन, तू कल्पना कर. पुस्तकं काढली, दाखले दिले, विचारलं की बायको गेली तर नवरा किती दिवस बसतो? तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मले कोणी बसवलं नाही. मी बसली आहे. तुले सभेत बोलून दुःख करता येते, मले बसून करता येते. तू तुयं कर, मी मायं करते."

कांताबाई मावशी रोज दुपारी येऊन तिच्याजवळ बसते. हो, तीच कांताबाई. तुझं नाव दोघींपैकी कोणीच काढत नाही. मीच काढते, आणि मग दोघी भाजीकडे बघतात.

तुला यायचं नव्हतं तर निदान फोन करायचा होतास. अम्मीनं फोन उशाशी ठेवला होता.

गझाला


नेर
१६ नोव्हेंबर २०२५

इमरान,

उत्तर नाही. ठीक आहे. मला सवय आहे, समोरून कोणी बोलत नसलं तरी मी तासभर बोलू शकते.

शोकसभा झाली. मी बोलले, आणि टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या पडल्या म्हणजे कुठेतरी गडबड झाली, हे मला तिथेच कळायला हवं होतं. घरी येऊन मी अम्मीला फोनवरचं भाषण ऐकवलं. धर्म आणि विज्ञान एका हृदयात नांदवणारा महामानव, वगैरे. ती म्हणाली, "बेटा, ये आदमी कौन था?"

म्हणून जे भाषणात आलं नाही, ते इथे लिहिते. तुला माहीत असलेलंच लिहिते. कोणीतरी माझ्यासोबत ते आठवावं, एवढ्यासाठी.

वायुदलात ते इंजिन फिटर होते. तरुणपणाची सगळी वर्षं दुसऱ्यांनी उडवायची विमानं दुरुस्त केली आणि खाली उभं राहून ती जाताना पाहिली. परत येऊन नेरला फवारणी पंपांचं दुकान टाकलं. पाच वक्त नमाज. मुअज्जिन आजारी असला की अजान त्यांची. आपण दोघं शाळेत जाऊन हाताशी आल्यावर कुठे त्यांनी नागपूरच्या कुणाकडून तो पॅरामोटरचा जुना कापडी पंख आणि इंजिन आणलं. स्कूटरची चाकं लावून तीनचाकी गाडा स्वतः बनवला. पूनमसिंग काकांनी शेताच्या धुऱ्यालगत एक पट्टी पडीक सोडली, आणि ते नेरचं विमानतळ झालं.

आठवतं का, मौलानांना विचारायला गेले होते. सगळ्यांना वाटलं, उडणं जायज आहे का हे विचारणार. त्यांनी विचारलं, हेल्मेट घातलं की टोपी काढावी लागते, ते चालेल का? मौलाना हसत सुटले. "रहेमानभाई, टोपी आत घाला, हेल्मेट वर घाला, अल्लाहला दोन्ही दिसतं." तेव्हापासून हेल्मेटच्या खाली ती जाळीची टोपी. पहाटे फज्र झाली की सायकलनं शेतात, सफरची दुआ, मग इंजिन. खाली उतरले की काकांच्या शेतातलं काहीतरी पिशवीत. कधी वाळूक, कधी हरभऱ्याचा पाला. अम्मी दारातच विचारायची, "वरून काय आणलं?" "वर दुकानं नाहीत, फरीदा. हे खालचंच आहे."

आणि भोंगा. जुन्या ट्रकचा, रबरी फुग्याचा. कारण पॅरामोटरचं इंजिन आणि फवारणी पंप यांचा आवाज आपल्याकडे सारखाच. कापसाच्या दिवसांत त्या आवाजाला कोण मान वर करून बघतं? म्हणून त्यांचा नियम, वस्ती आली की आधी भोंगा. बायका अंगणात असतात, कोणी केस धूत असतं, कोणी लेकराला पाजत असतं. "वरून जाणं म्हंजे दुसऱ्याच्या घरात जाणं आहे. कडी वाजवल्याबिगर कोणाच्या घरात जातो का आपण?"

तू कडी वाजवली नाहीस.

तीन वर्षं झाली, मी ते पुन्हा उकरत नाही. पण पत्रात मधलं पान कोरं सोडता येत नाही. तू दिवाळीच्या सकाळी पंख घेऊन गेलास, छातीला मोबाईल बांधून, भोंग्याशिवाय मोहल्ल्यावरून गेलास आणि व्हिडिओ टाकलास. त्यात कांताबाईचं अंगण होतं, आणि ती अंगणातल्या दगडावर आंघोळ करत होती. तू पाहिलंही नव्हतंस, मला माहीत आहे. तासाभरात काढून टाकलास. तोवर नेरचं पाहून झालं होतं.

अब्बांनी तुला हाताला धरून तिच्या दारात नेलं. सगळा मोहल्ला जमला. तू खाली मान घालून "माफ करा, मावशी" म्हणालास. ती काही न बोलता आत गेली आणि दार लावलं. अब्बा सगळ्यांसमोर म्हणाले, "या बाईनं माफ केलं असं तिच्या तोंडून येईपर्यंत माह्या पंखाले हात लावायचा नाही." त्याच आठवड्यात तू निघून गेलास. त्यांच्या पंखाला हात लावायचा नाही, म्हणून दुसऱ्याचा पंख धरलास.

आता मला दुसरं काही विचारायचं आहे. पूनमसिंग काका काल आले होते. दारातूनच बोलले, अम्मी इद्दतीत आहे म्हणून. त्यांचा मुलगा पट्टी नांगरून हरभरा पेरायचं म्हणतो आहे. काका म्हणाले, "मी म्हटलं, थांब जरा. पोरगं येऊन गेलं, परत यीन."

मी विचारलं, कोण पोरगं?

तू आला होतास. मातीच्या दुसऱ्या दिवशी, बडनेऱ्याहून येणाऱ्या एसटीनं. स्टँडवर काका भेटले. तू विचारलंस, माती झाली का? ते म्हणाले, काल झाली. तू तिथेच बाकावर बसलास आणि पुढच्या गाडीनं परत गेलास. काकांनी हाताला धरलं तर म्हणालास, "कांताबाईच्या दारावरून जावं लागते, काका. कोणत्या तोंडानं जाऊ?"

हे मी अम्मीला सांगितलेलं नाही. सांगू का?

आपा


नेर
१४ डिसेंबर २०२५

इमरान,

नीट बसून वाच. पर्यटक थांबतील.

परवा दुपारी कांताबाई आली. अम्मी चुलीजवळ, मी तुरीच्या शेंगा सोलत होते. माझ्यानं राहवलं नाही. तू स्टँडवर येऊन परत गेलास, हे मी दोघींसमोर सांगून टाकलं. अम्मीनं पदर तोंडाला लावला. कांताबाईच्या हातातली शेंग हातातच राहिली.

"माह्या दारावरून जावं लागते म्हून?" ती म्हणाली. "पोट्टं त्याच्यासाठी वापस गेलं?"

मी म्हटलं, मावशी, तुम्ही माफ केलं नाही ना अजून.

"मी?" ती माझ्यावरच भडकली. "मले विचारलं कोणं?"

मग जे निघालं, ते ऐकून मी इतकी गप्प झाले की अम्मीनं मला ताप आहे का म्हणून हात लावून पाहिला.

कांताबाईनं त्याच दिवशी तुला माफ केलं होतं. दार लावून आत गेली ती रागानं नाही. "मले रडू आलतं बाई. पोराच्या करणीचं नाही. दारात एवढे लोक जमा करून माह्या आंघोळीची गोष्ट निघाली, त्याचं. ज्याईनं पाह्यलं नव्हतं त्याईलेही समजलं. भाईजान देवमाणूस, पण न्याय करायले एवढी गर्दी कायले लागते?"

मग तिनं त्यांना सांगितलं का नाही? मी विचारलं. आणि ती आणि अम्मी, दोघींनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी परदेशात वाढले.

"काय सांगू? भाईजान, मी आंघोळ करत होती त्या गोष्टीचं मी माफ केलं, असं? परक्या माणसाले? जिभेवर तरी येते का?"

आणि अब्बा? अब्बा कसे विचारणार होते! अम्मी म्हणाली, ते दर ईदला शीरखुर्मा घेऊन कांताबाईच्या दारात जायचे, उभे राहायचे, "सब ठीक?" विचारायचे. ती म्हणायची, "ठीक, भाईजान." आणि ते घरी येऊन अम्मीला सांगायचे, "आजही नाही बोलली." बाईच्या आंघोळीचा विषय एका शरीफ माणसानं बाईजवळ काढायचा कसा? तिला वाटायचं, भाईजाननं "सब ठीक" विचारलं आणि मी "ठीक" म्हटलं, मिटलं. त्यांना वाटायचं, तिनं अजून शब्द दिला नाही.

आणखी एक. तिच्या न्हाणीला आज टिनाच्या भिंती आणि वर पत्रा आहे. एका दुपारी ती कापूस वेचायला गेली असताना अब्बांनी बसवला. कोणाला बोलले नाहीत. तिनं घरी येऊन पत्रा पाहिला आणि समजून घेतलं की हा या गोष्टीचा शेवट. त्यांनी तो बसवला होता दंड म्हणून.

तीन वर्षं, इमरान. दोन भल्या माणसांनी एकमेकांचा मान राखत तुला तीन वर्षं गोव्यात ठेवलं. मी आयुष्यभर सांगत आले की जुलूम मोडायला आवाज चढवावा लागतो. इथे जुलमी कोणी नव्हताच, आवाज कोणावर चढवू?

जाताना कांताबाई दारात थांबली. "त्याले लिहिजो," म्हणाली, "म्हणा मावशीनं माफ केलं, तोंडानं म्हटलं, गझालासमोर म्हटलं. अन् म्हणा, आता बिनधास्त येजो, माह्या बाथरूमले पत्रा बसला आहे."

अम्मी किती दिवसांनी हसली.

आपा


नेर
४ जानेवारी २०२६

बाबू,

तुझा फोन आला. तू रडत होतास, अम्मी रडत होती, मी फोन धरून होते, म्हणजे बोलले कोणीच नाही. म्हणून पुन्हा पत्र.

आता माझी बाजू घे. मला या घरात एकही माणूस माझ्या बाजूला हवा आहे.

काल अम्मी म्हणाली, इद्दत संपली की पहिलं पाऊल मी पूनमसिंगच्या शेतात टाकीन. मी म्हटलं, चांगलं आहे, रिक्षा सांगते. ती म्हणाली, "रिक्षा शेतापर्यंत. पुढं इमरान नेईन."

पुढं कुठं, अम्मी?

तिनं बोटानं छत दाखवलं.

मला आधी वाटलं, थट्टा. मग मी सुरू झाले. वय काढलं, बीपी काढलं, तिचे गुडघे काढले. त्या गाड्याला तीन वर्षं कोणी वर नेलं नाही म्हटलं, तर म्हणाली, त्यांनी पावसाळ्याआधीपर्यंत उडवला, तुले सभांमुळे माहीत नाही. लोक काय म्हणतील, हेसुद्धा माझ्या तोंडून निघालं. माझ्या, इमरान! इद्दतीतून उठलेली बाई सरळ आकाशात, नेरमध्ये काय बोलतील?

तिनं भाकरी तव्यावर टाकली, हात पुसले, आणि शांतपणे म्हणाली, "तू मारेगावले भाषण केलं तो व्हिडिओ मी पाह्यला. बाईनं आपला निर्णय आपण घ्यावा म्हणे. मी बसायचं म्हटलं तं तुले नको होतं. आता उडायचं म्हणते तं तेही नको. तुले नेमकी कोणती बाई पाहिजे, ते एकदा मले लिहून दे."

कांताबाई म्हणाली, "आता बोल, भाषणवाली."

मी विचारलं, मग इतकी वर्षं का नाही बसलीस? अब्बांनी दुसरी सीट तुझ्यासाठीच लावली होती ना?

"तुमच्यासाठी," ती म्हणाली. "दोघंही वर गेलो अन् काही झालं, तं लेकराइले कोण? एक जण खाली पाहिजे. इमरान मोठा झाला की बसीन म्हटलं. मग म्हटलं, गझालाचं लग्न झालं की बसीन." आणि माझ्याकडे पाहून, "तुयं काही झालं नाही."

मी दुकानात जाऊन गाडा पाहून आले. वरची ताडपत्री काढली. एक गोष्ट तुला माहीत असेल, मला नव्हती. भोंगा पुढच्या सीटजवळ नाही, मागच्या सीटच्या उजव्या हाताशी बसवलेला आहे. एकटे उडायचे तेव्हा अब्बांना हात मागे वळवून तो दाबावा लागत असणार. कोणता मिस्त्री असं करतो? जो दुसऱ्या कोणाच्या हाताचा विचार करून बसला आहे, तो.

मी हरले. लिहून देते, हरले. तू ये. आधी सगळं तपास, एकेक दोरी, एकेक नट. पूनमसिंग काकांनी पट्टी अजून नांगरली नाही, मुलाशी भांडून ठेवली आहे. आणि येताना मुद्दाम कांताबाईच्या दारावरून ये. ती वाट बघते आहे, फक्त दाखवत नाही.

आपा


नेर
१ फेब्रुवारी २०२६

बाबू,

काल तुझी गाडी हलली तसं तू खिडकीतून विचारलंस, "आपा, अम्मी वर घाबरली होती का गं? सारखी उजव्या खांद्यावर मारत होती." मी उत्तर द्यायच्या आत एसटी वळली. ते उत्तर देते, पण आधी खालचं सांगते. तू पुढे बघत होतास, तुला खालचं दिसलं नसेल.

सकाळी तू आणि अम्मी धुक्यातून वर गेलात तेव्हा पूनमसिंग काकांनी टोपी काढून हातात धरली आणि उतरेपर्यंत घातली नाही. मी काय केलं, विचारू नकोस. मी अब्बांची सायकल धरून उभी होते, आणि ती पडू नये एवढंच माझं काम होतं.

मग तुम्ही मोहल्ल्याकडे वळलात आणि भोंगा ऐकू आला. मी सायकलवर टांग टाकून निघाले. कांताबाईच्या दारात पोचले तर ती अंगणात, त्याच दगडावर उभी, नवं लुगडं नेसून, दोन्ही हात वर. ओरडत होती, "अवं फरीदा! पदर खोच, उडून राह्यला!" शेजारच्या बाया भोंगा ऐकून सवयीनं आत गेल्या होत्या, त्या एकेक करून परत बाहेर आल्या. भोंगा कोण वाजवतंय ते कळलं ना. तीन वर्षांपूर्वी सगळा मोहल्ला त्या अंगणात काय दिसलं ते बोलत होता. काल सगळा मोहल्ला तिथून वर बघत होता.

आता तुझा प्रश्न. संध्याकाळी मी अम्मीला विचारलं. ती तूर पाखडत होती. म्हटलं, बाबू विचारत होता, घाबरलीस का?

"नाही," म्हणाली. "उजवीकडं वळ म्हणत होती. त्याले ऐकूच येईना."

मग मला आठवलं. वस्ती संपल्यावर तुम्ही नाल्याकडे वळलात, आणि तिथेही भोंगा वाजत राहिला. मोहल्ल्यावर वाजला त्याहून जास्त वेळ. मी दूर होते तरी ऐकू येत होता. तिथे ना घर, ना अंगण, ना केस धुणारी बाई. मी म्हटलं, अम्मी, नाल्यावर तर कोणीच नव्हतं, तिथं भोंगा कायले?

ती सूप हलवत राहिली.

"नाल्यापलीकडं कब्रस्तान नाही का? लिंबाजवळ आहे. बाकीच्याइवर गवत आलं, तेवढी एक माती अजून काळी दिसते. चांगली जागा दिली त्याईले."

इमरान, मी त्या फाटकासाठी अर्ज केले असते, मोर्चा काढला असता, मौलानांशी वाद घातला असता. तिनं चार महिने दहा दिवस घरात बसून वाट काढली, आणि मला साधं सांगितलंही नाही.

"पण भोंगा?" मी म्हटलं.

तिनं सूप खाली ठेवलं. मला अजूनही काही कळत नाही, अशा चेहऱ्यानं माझ्याकडे पाहिलं.

"त्याईचाच नियम आहे ना. कोणाच्या घरावरून जायचं तं कडी वाजवून जायचं."

तुझी,
आपा